मंगलाने लपवलेला ताप

नवापूरच्या खाडीलगत शांतारामची वाडी आहे. कडेने नारळ, आत केळी, एका अंगाला पानवेली आणि मधल्या सखल जागेत अळू. वाडी शांतारामच्या नावावर असली तरी तो बोईसरच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा; वाडी चालायची ती त्याच्या बायकोच्या, मंगलाच्या जिवावर. पाट कुठे फोडायचा, कुठल्या केळीला टेकू द्यायचा, बाजारासाठी अळू कधी कापायचं, सगळं तिच्या डोक्यात असे. बोईसरच्या बाजारात लोक तिचं अळू विचारून घ्यायचे, कारण ते घशाला खाजत नसे.

मंगलाला मधुमेह होता. आता मधुमेह नाही असं घर गावात शोधूनही सापडायचं नाही, पण मंगलाचा त्यातला नव्हता. तिला तो शाळकरी वयात झाला. केळव्याला माहेरी असताना ती तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि तरी वाळत चालली होती. बापाने तिला पालघरला दाखवलं. डॉक्टरने सांगितलं की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी हिच्या शरीराने स्वतःच मारून टाकल्यात, आता जन्मभर सुई. घरात फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात राहायची आणि काचेची सिरिंज रोज चुलीवर उकळायची.

लग्नाच्या वेळी बापाने काही लपवलं नाही. त्यामुळे आलेली स्थळं चहा पिऊन परत जात. शांताराम पण चहा प्यायला. मग म्हणाला की सुई टोचून घेणारी बायको चालेल, भांडणारी नको. मंगलाने पुढे त्याला दोन्ही करून दाखवलं.

सुईचं तिला काही वाटत नसे. भीती होती ती साखर उतरण्याची. इन्सुलिन जरा जास्त झालं, जेवायला उशीर झाला, कामाचा रेटा वाढला, की साखर खाली यायची. पूर्वी ती खाली येताना कळायचं. हात थरथरायचे, घाम फुटायचा, मंगला गूळ तोंडात टाकायची आणि पुन्हा कामाला लागायची. पण या आजारात वर्षं सरतात तशी शरीराची ती ओरड बंद होते. तिची झाली. साखर उतरायची आणि तिला पत्ताच नसायचा. बोलता बोलता ती भलतंच बोलायला लागायची, नाहीतर उभी होती तिथे कोसळायची.

एकदा अशीच ती पाटात कोसळली, तोंड पाण्यात. मुलगी किंजल तेव्हा चौथीत होती. शाळेतून आली, आईला हाका मारत वाडीत गेली आणि तिने आईला पाण्यात पालथं पडलेलं पाहिलं. आईला उचलणं तिच्या ताकदीबाहेरचं होतं. तिने आईचे केस धरून तोंड पाण्याबाहेर काढलं आणि शेजारच्या वाडीतली माणसं येईपर्यंत तसंच धरून ओरडत राहिली.

त्यानंतर किंजल आईपासून लांब गेलीच नाही. मधल्या सुट्टीत ती घरी धावत यायची. सुट्टीत मामाकडे राहायला गेली नाही, शाळेच्या सहलीला गेली नाही. ओट्यावर अभ्यासाला बसली की मधूनच वाडीकडे तोंड करून विचारायची, आई, आज वार कुठला? मंगलाने बरोबर वार सांगितला की पोरगी पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. उत्तर चुकलं किंवा उशिरा आलं, तर साखरेचा डबा घेऊन धावायची. मंगला कधी चिडून मुद्दाम चुकीचा वार सांगायची, आणि पोरीचा चेहरा बघून तिलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

किंजल पालघरला कॉलेजात शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि बोईसरमध्येच एका औषधाच्या दुकानात हिशेबाला लागली. मंगलाला वाटलं, पोरीला दुसरीकडे काही मिळालं नसेल. मग एके दिवशी बाजारात किंजलची मैत्रीण स्नेहा भेटली. ती सहज म्हणाली, "काकू, किंजलने पुण्याची नोकरी सोडली तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. अशी कंपनी पुन्हा मिळत नाही."

मंगला अळूच्या टोपलीपाशी बसून राहिली. घरी आल्यावर ती किंजलला काही बोलली नाही. पण पुढच्या तपासणीला तिने डॉ. राजनंदिनींना स्वतःहून विचारलं, "तुमी मागं त्या डुकराच्या पेशींचं सांगितलं होतं. ते मला करता येईल काय?"

डॉ. राजनंदिनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या. महिन्यातून एकदा पालघरला येऊन पेशंट बघायच्या. ज्यांना साखर उतरल्याचं कळत नाही अशा मोजक्या पेशंटांवर त्यांच्या रुग्णालयात एक चाचणी सुरू झाली होती. त्यांनी मंगला आणि शांताराम दोघांना समोर बसवलं आणि घाई न करता सगळं सांगितलं. डुकराच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके काढायचे आणि माणसाच्या यकृतात सोडायचे. तिथे ते रुजले तर साखरेप्रमाणे इन्सुलिन सोडतात, आणि साखर उतरली की थांबतात. ही डुकरं गावातली नव्हेत. ती बंद, स्वच्छ जागेत वाढवलेली असतात आणि माणसाच्या शरीराने त्यांच्या पेशींना लगेच ओळखू नये म्हणून त्यांच्यात जन्माआधीच काही बदल केलेले असतात.

"तरी ओळखतंच," डॉक्टर म्हणाल्या. "आज ना उद्या शरीराला कळतं की हे आपलं नाही. मग ते त्या पेशींवर तुटून पडतं. ते होऊ नये म्हणून औषधं द्यायची. पण मंगलाताई, ही औषधं नुसती त्या पेशींपुरती थांबत नाहीत. तुमची सगळी प्रतिकारशक्तीच दबते. साधा जंतूही तुम्हाला महागात पडेल."

मग त्यांनी काय काय सोडावं लागेल ते सांगितलं. पावसाळ्यात चिखलात पाय घालायचा नाही. शेणखताला हात लावायचा नाही. भरल्या जत्रेत, लग्नाच्या गर्दीत जायचं नाही. आणि ताप आला तर घरात गोळी घेऊन बसायचं नाही, तासाभरात फोन करायचा. शांतारामने विचारलं की मग बरी होईल ना ही. डॉक्टरांनी तसं वचन दिलं नाही. काही महिने टिकेल, काही वर्षं टिकेल, कदाचित रुजणारच नाही, असं त्या म्हणाल्या. मंगलाने एकच विचारलं, त्या डुकराचं पुढे काय होतं. डॉक्टर म्हणाल्या की ते मरतं. मंगलाने मान हलवली आणि सही कुठे करायची ते विचारलं.

गावात ही बातमी राहणं शक्यच नव्हतं. शांतारामची मोठी बहीण हंसा सगळ्यांत आधी आली. माणसाच्या अंगात डुक्कर घालणार, मग त्या घरात देवाला नैवेद्य कोण दाखवणार, असं तिने उंबऱ्यात उभं राहूनच विचारलं. मंगला म्हणाली, "ताई, लहानपणी मी जी बाटली टोचून घ्यायची ना, ती बी गुराडुकराचीच असायची. तेव्हा दुसरी मिळत नव्हती. तुमच्या भावानं लग्न केलं ते त्याच बाईशी." हंसाने ऐकून घेतलं, पण त्या दिवसापासून तिने या घरी पाणी प्यायचं सोडलं. शांतारामला ते लागलं. बायकोला मात्र त्याने एका शब्दाने अडवलं नाही.

मंगलाला वाटलं होतं, मोठं ऑपरेशन असेल. तसं काही झालं नाही. बरगडीखालून एक बारीक नळी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सरकवली आणि पिशवीतलं गढूळ पाणी सावकाश आत सोडलं. तेवढंच. तिच्या दंडावर एक सेन्सर चिकटवला, साखरेचा आकडा तिच्या मोबाइलवर दाखवणारा. तोच आकडा किंजलच्या मोबाइलवरही दिसत असे. सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी तिचे हात थरथरायचे, तोंडात फोड यायचे, केस विंचरताना फणीत गुंतून यायचे. सुरुवातीचे आठवडे इन्सुलिन होतं तेवढंच घ्यावं लागलं, आणि शांतारामला वाटायला लागलं की उगीच केलं.

मग हळूहळू इन्सुलिन कमी लागू लागलं. ते पूर्ण सुटलं नाही, पण निम्म्याच्या खाली आलं. आणि एका दुपारी ओट्यावर तांदूळ निवडताना मंगलाला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, काळीज धडधडलं. तिला वाटलं, गोळ्यांचंच काहीतरी. मोबाइल बघितला, साखर खाली जात होती. कितीतरी वर्षांनी तिच्या शरीराने तिला हाक मारली होती. ती गूळ खाऊन तिथेच तांदळाच्या सुपापाशी बसून रडली. किंजल सुट्टी असल्याने घरीच होती, ती धावत आली. आई रडता रडता सांगत होती, "मला कळलं गं. माझं मला कळलं."

त्यानंतर मंगला किंजलच्या मागे लागली. पुण्याच्या त्या कंपनीला पुन्हा विचार. किंजल आढेवेढे घेत होती. मंगलाने तिला रोज भांडून भांडून तयार केलं. ती जागा गेली होती, पण दुसऱ्या कंपनीत काम मिळालं. किंजल गेली त्या दिवशी शांताराम तिला सोडायला मनोरच्या फाट्यापर्यंत गेला, आणि मंगला घरी राहिली, कारण फाट्यावर गर्दी असते. गाडी सुटल्याचा फोन आला तेव्हा ती एकटीच वाडीत उभी होती आणि तिला वार विचारायला तिथे कोणी नव्हतं.

वाडीच्या कामाला लाडकी होती. लाडकी जव्हारकडच्या डोंगरातली. आधी ती नवऱ्याबरोबर हंगामापुरती खाली यायची. नवरा गेल्यावर डोंगरावरचा तुकडा दिराच्या स्वाधीन करून तिने इथेच बस्तान मांडलं. पावसाळा लागला तशी मंगला ओट्यावर आणि लाडकी चिखलात, अशी वाटणी झाली. मंगला वरून सांगायची, लाडकी खाली करायची. लाडकी कामाला चोख होती, पण मंगलाचे हात शिवशिवायचे. आपल्या वाडीत आपण पाहुण्यासारखं बसायचं, हे तिला त्या गोळ्यांपेक्षा कडू वाटायचं. तरी ती बसली. अळूच्या वाफ्याकडे तिने पाय वळवला नाही.

आणि तरीही साखर चढायला लागली. आधी जेवणानंतर, मग सकाळीही. इन्सुलिन वाढवावं लागलं. मुंबईला रक्त तपासलं. डुकराच्या पेशींचं इन्सुलिन वेगळं ओळखता येतं आणि ते घटत चाललं होतं. डॉ. राजनंदिनींनी सांगितलं की शरीराला सुगावा लागलाय, ते पेशींवर हल्ला करतंय. आपण औषध वाढवून बघू, काही दिवस जोराचं देऊ. ते चालू असताना मात्र फार जपायला हवं, असं त्यांनी दोनदा बजावलं. मंगलाने विचारलं, माझं काही चुकलं का. डॉक्टर म्हणाल्या, नाही, तुम्ही सगळं पाळलंत. हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला उलट जास्त भीती वाटली. चुकलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं.

जोराचं औषध सुरू असतानाच्या आठवड्यात पाऊस थांबेना. खाडीला भरती आणि वरून पाणी. वाडीचं पाणी काढून देणारा पाट कुठेतरी तुंबला आणि अळवाच्या वाफ्यातलं पाणी केळीत शिरायला लागलं. शांताराम कामावर होता. लाडकी एकटी कुदळ घेऊन गाळ उपसत होती, आणि उपसावा तितका तो पुन्हा येत होता. मंगला ओट्यावरून बघत राहिली. तुंबलं होतं ते कुठे, हे तिला वरूनच कळत होतं. ती ओरडून सांगत होती, पण पावसात लाडकीला ऐकू येत नव्हतं. शेवटी ती उतरली. पायात रबरी बूट होते, पण वाफ्याच्या मध्यावर एक बूट चिखलात रुतला आणि पाय बाहेर आला. टाचेच्या भेगा उघड्या होत्या. आता झालंच आहे तर काम पुरं करू, असं म्हणून तिने दुसरा बूटही काढून टाकला. दोघींनी मिळून पाट मोकळा केला. घरी येऊन तिने साबणाने पाय धुतले, त्यावर औषध लावलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिला पोटभर भूक लागली होती.

काही दिवसांनी ताप आला. फार नव्हता. मंगलाने गोळी घेतली, उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिला डॉक्टरांचे शब्द चांगले आठवत होते. फोन उशाशीच होता. पण तिला हेही माहीत होतं की ताप म्हटलं की दवाखाना, दवाखाना म्हटलं की ते जोराचं औषध बंद, आणि औषध बंद म्हणजे पेशी गेल्या. पेशी गेल्या की किंजल परत. पुण्याहून सामान बांधून येणार आणि ओट्यावर बसून वार विचारणार. दोनचार दिवस निघाले तर औषधाचा हप्ता पुरा होईल, मग सांगू, असा तिने मनाशी हिशेब मांडला.

सेन्सर साखर दाखवतो, ताप दाखवत नाही. तापाने साखर मात्र चढली, आणि किंजलचा फोन आला. आकडे असे का दिसतायत, तिने विचारलं. मंगला म्हणाली की शेजारी बारसं होतं, तिथे जेवले.

लाडकीच्या मात्र लक्षात आलं. भांडं हातात देताना तिचा हात मंगलाच्या हाताला लागला. ती म्हणाली, "बाय, तुमचं अंग लय तापलंय."

"कोणाला बोलू नको," मंगला म्हणाली. "तुला माझी आण हाय."

तो दिवस लाडकीने आण पाळून कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी मंगलाला खोकताना छातीत कळ यायला लागली आणि ओट्यावरून उठताना तिने खांब धरला. तेवढ्यात पहिल्या पाळीहून शांताराम आला. लाडकी कुदळ टाकून त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मी आण मोडते हाय. बायला चार दिस ताप हाय." शांतारामने चप्पलही काढली नाही. आत जाऊन बायकोच्या कपाळाला हात लावला, आणि रस्त्यावर जाऊन गाडी बोलावून आणली. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. हायवेला लागल्यावर मंगला म्हणाली, "रागावलात काय?" तो म्हणाला, "घाबरलो."

मातीतला जंतू होता. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात राहणारा, धडधाकट माणसाला सहसा काही न करणारा. मंगलाच्या फुप्फुसात तो पोचला होता आणि यकृतातही गळू धरलं होतं, जिथे त्या पेशी होत्या तिथेच. डॉ. राजनंदिनी स्वतः येऊन पलंगाशी बसल्या. पेशी वाचवणारी सगळी औषधं आजपासून बंद, असं त्यांनी सांगितलं.

"थोडे दिस थांबा ना, मॅडम," मंगला म्हणाली. तिला धाप लागत होती. "जंतूचं औषध द्या, ते बी चालू ठेवा."

"नाही, मंगलाताई. तुमच्या शरीराला आता लढू द्यायला हवं. ते लढेल तेव्हा त्या पेशीही मारेल. पेशी वाचवायला मी तुम्हाला घालवणार नाही."

"मग माझ्या पोरीचं काय?"

डॉक्टरांना या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. त्यांनी शांतारामकडे बघितलं. शांतारामला लागला होता, पण तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

किंजल पुण्याहून आली तेव्हा मंगला शुद्धीवर असून नसल्यासारखी होती. ताप उतरायला बरेच दिवस गेले. सलाइनमधून औषध चालूच होतं. जरा बोलण्याइतकी ताकद आली, तेव्हा एका सकाळी किंजलने तिला चमच्याने पेज भरवली, तोंड पुसलं आणि वाटी खाली ठेवून विचारलं, "आई, बारसं कोणाचं होतं?"

मंगलाने पांघरूण वर ओढलं.

"मी हंसाआत्याला फोन केला होता. आपल्या आळीत कोणाचंच बारसं नव्हतं."

"तू परत आली असतीस," मंगला म्हणाली. "म्हणून नाय सांगितलं. तू पाटाकडे धावत आलीस तेव्हा एवढीशी होतीस. माझे केस धरून बसलीस. तेव्हापासून तुझं सगळं माझ्यापायी. एकदा तरी तू मोकळी व्हावीस..."

"मी मोकळी होते असं तुला वाटतं?" किंजलचा आवाज चढला नाही. "मी तिथे मीटिंगमध्ये टेबलाखाली तुझे आकडे बघत होते. जेवताना बघत होते. मोकळी बिकळी काही नव्हते मी. पण मला ते काम आवडतं, आई. तिथली माणसं आवडतात. तू ताप लपवून गेली असतीस, तर मी त्या कामाकडे पुन्हा तोंड करून उभी राहिले असते का? जन्मभर मला वाटलं असतं, या नोकरीपायी आई गेली. तेवढं तरी कळायला हवं होतं तुला."

मंगलाला ते कळलं नव्हतं. तिने सगळे हिशेब मांडले होते, हा मांडला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. किंजल उठून गेली नाही. ती तिथेच बसून पेजेची वाटी पुसत राहिली, आधीच पुसलेली.

मंगला वाचली. घरी आल्यावरही कितीतरी महिने गोळ्या होत्या, या वेळी जंतूसाठी. छातीतली कळ गेली, पण जिना चढताना दम लागतो तो लागतोच. डुकराच्या पेशी गेल्या. रक्तात त्यांचा मागमूस उरला नाही, आणि इन्सुलिन पुन्हा पूर्वीइतकं झालं. साखर उतरताना घाम फुटायचा, तो काही दिवस फुटत राहिला. मग तोही कमी होत गेला. शरीराचा आवाज पुन्हा बसतोय हे मंगलाला समजत होतं, आणि या खेपेला तिने ते शांतारामला, किंजलला, डॉक्टरांना, सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या तपासणीला तिने डॉ. राजनंदिनींना विचारलं की पुन्हा करता येईल का. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की नाही. एकदा शरीराने डुकराच्या पेशी शत्रू म्हणून ओळखल्या की ते विसरत नाही; दुसऱ्यांदा सोडल्या तर ते पहिल्याच दिवशी फडशा पाडेल. आता चाचणी करणाऱ्यांचा विचार असा होता की पेशींना एका जाळीदार वेष्टणात घालायचं, म्हणजे साखर-इन्सुलिन आतबाहेर जाईल पण शरीराचे मारेकरी आत शिरणार नाहीत, आणि इतकी जोराची औषधं लागणार नाहीत. पण ते पुढच्या पेशंटसाठी. मंगलाला मात्र जन्मभर वर्षाला एकदा रक्त द्यायला यावं लागणार होतं, डुकरातून एखादा विषाणू तिच्यात आला नाही ना हे बघायला. पेशी राहिल्या नाहीत, तपासणी राहिली.

किंजल नोकरी सोडायला निघाली होती. त्यावरून मायलेकींचं आठवडाभर वाजलं. शेवटी लाडकीने तोडगा काढला. सेन्सरचा भोंगा भाऊंच्या आणि माझ्या मोबाइलात वाजू दे, ती म्हणाली. मी दिवसभर इथंच असते, मला आकडे वाचता येतात, साखर भरवता येते. किंजलने तिला सगळं शिकवलं, बेशुद्ध पडली तर द्यायचं इंजेक्शनही संत्र्यावर टोचून दाखवलं. मग आपल्या मोबाइलमधून तिने आईचे आकडे काढून टाकले. अंगठा त्या बटणावर ठेवून ती बराच वेळ बसली होती. काढले, आणि पुण्याला गेली. नंतर पंधरवड्यातच तिने ते पुन्हा लावून घेतले. मंगलाला ते लाडकीकडून समजलं. तिने किंजलला काही विचारलं नाही.

थंडी सुरू झाल्यावर डॉ. राजनंदिनींचा फोन आला. मनोरकडचा एक पेशंट आहे, भावेश नावाचा, वेष्टणातल्या पेशींच्या चाचणीसाठी त्याचं नाव आलंय, पण त्याला आधी कोणाशी तरी बोलायचंय. तुम्ही बोलाल का? नाही म्हणालात तरी चालेल. मंगला हो म्हणाली.

भावेश बायकोला घेऊन आला. तिशीतला माणूस, ट्रॅव्हल्सची गाडी चालवायचा. साखर उतरून गाडी झाडावर गेल्यापासून चालवत नव्हता. बायको, दीपिका, पोटुशी होती. मंगलाने त्यांना ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तोंडातले फोड, गळलेले केस, तांदूळ निवडताना फुटलेला घाम. चिखल. ताप. ताप लपवल्याचं सांगताना ती अडखळली, पण तिने ते गाळलं नाही. शांताराम आतल्या खोलीत होता. तो दारात येऊन उभा राहिला आणि तिचं बोलणं होईपर्यंत तिथून हलला नाही.

भावेशने शेवटी विचारलं, "तुमी माझ्या जागी असता तर केलं असतं काय, काकी?"

त्या दुपारचा घाम मंगलाला खोटा म्हणता येत नव्हता, आणि त्या पलंगावरची धापही. ती म्हणाली, "मला नाय सांगता येत. मी केलं ते पोरीसाठी केलं, आणि तिला न विचारता केलं." मग ती दीपिकाकडे वळली. "तुला काय वाटतं, ते सांगितलंस काय याला?"

दीपिकाने मान खाली घातली. तिला कोणी विचारलंच नव्हतं. भावेश बायकोकडे बघायला लागला. मंगला उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ओट्यावरून दीपिकाचा आवाज यायला लागला, हळू, अडखळत, पण थांबत नव्हता.